यूच्या ओंडक्यातून लाँगबो: पहिल्या पाचरीपासून पहिल्या बाणापर्यंत

सवडीचा सुतार

मागे छंदांच्या धाग्यावर ओझरतं लिहिलं होतं की मी वेल्सच्या सीमेजवळ राहतो आणि सुट्टीच्या दिवशी लाकडाची धनुष्यं करतो. त्यावर "सविस्तर लिहा" असा तगादा लागला, म्हणून हा धागा. नेम कसा धरावा वगैरे इथे सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हा सगळा मामला सुतारकीचा आहे.

इंग्लिश लाँगबो म्हणजे माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून लांब, एकाच लाकडाचं, पोटाकडून गोलसर धनुष्य. क्रेसी (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) इथल्या लढायांत ज्याचं नाव झालं ते हेच. लाकूड यूचं. हे झाड सूचिपर्णीच, पण चीड-देवदारासारखी वाढायची घाई त्याला नाही. खोड आडवं कापलं की दोन रंग दिसतात: सालीलगत पांढरट पट्टा आणि आत नारिंगी-तपकिरी गाभा. धनुष्य ओढलं की आपल्याकडची बाजू, तिला पोट म्हणतात, ती दाबली जाते; लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ती ताणली जाते. यूचा गाभा दाब सोसण्यात पटाईत आणि पांढरं लाकूड ताण सोसण्यात. तुर्की किंवा मोगल धनुष्यात हेच साधण्यासाठी लाकडाच्या एका अंगाला शिंग आणि दुसऱ्या अंगाला स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवत बसावं लागे. इथे झाडानेच ते करून ठेवलेलं असतं.

माझा ओंडका वादळात पडलेल्या झाडाचा. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुंपणाला होतं ते. दोन मीटरभर सरळ, वीतभर व्यासाचा तुकडा मिळाला तर नशीब समजायचं, कारण यूला फांद्या फुटतात त्या कुठूनही आणि खोड स्वतःभोवती पीळ घेत वाढतं. ओंडका करवतीने चिरायचा नाही, पाचरी ठोकून फोडायचा. करवत सरळ जाते, लाकडाचे तंतू जातीलच असं नाही. फोडलं की चीर तंतूंच्या वाटेनेच धावते आणि आतला पीळ उघडा पडतो. दोन पाचरी टोकाला, मग चीर जाईल तशी तिसरी पुढे, असं करत जायचं. मध्ये काही धागे दोन्ही फाडींना धरून राहतात ते कुऱ्हाडीच्या पात्याने तोडायचे. अशा उभ्या फाडीला इथे स्टेव्ह म्हणतात.

फोडल्याबरोबर दोन्ही टोकांना जाड सरस किंवा ऑइलपेंट फासायचा. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात भराभर जातं, आणि तिथे आकसलं की तडा थेट आत शिरतो. मग फाड सावलीत, वारा लागेल अशा माळ्यावर. दर इंच जाडीला एक वर्ष असा इथला जुना हिशोब आहे. माझा भरवसा वजनकाट्यावर जास्त: अधूनमधून वजन करायचं, ते उतरायचं थांबलं की लाकूड हवेइतकं कोरडं झालं. ओलं लाकूड वाकतं छान, पण परत सरळ होत नाही. धनुष्य कायमचं पोक काढून बसतं आणि बाण मरगळल्यासारखा जातो.

आता खरं काम. पहिली पाठ. साल सोलून झाली की दोन मुठींची सुरी, म्हणजे ड्रॉ-नाइफ, अंगाकडे ओढत पांढरं लाकूड पातळ करत आणायचं. माझ्या फाडीला ते अंगठ्याएवढं जाड होतं. ठेवायचं होतं पाच-सहा मिलिमीटर. पण सपाट करायचं नाही! झाड जिथे फुगलंय तिथे पाठही फुगलेली, जिथे खळगा तिथे खळगा. वर्षवलयं तुटली की तिथून तंतू उचलला जाण्याची भीती, आणि धनुष्य मोडायला पाठीवर उचललेला एक तंतू पुरतो. गाठी आल्या की त्यांच्याभोवती लाकूड थोडं उंच ठेवून वळसा घ्यायचा. म्हणून चांगल्या यूच्या धनुष्याच्या पाठीवरून बोट फिरवलं तर टेंगळं लागतात. नवख्याला तो आळशीपणा वाटतो.

मग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणून मधली रेघ पाहायची. दोन्ही टोकं आणि मूठ एका रेषेत आली की पुरे. मधल्या मध्ये दांडा थोडा नागमोडी असला तरी चालतो. माझं लक्ष्य ४५ पाउंडांच्या आसपासचं होतं, म्हणजे दोरी २८ इंच ओढायला तेवढा जोर लागावा. टोकापासून टोकापर्यंत लांबी ७२ इंच, मुठीपाशी रुंदी साधारण ३० मिलिमीटर, टोकाला १२. मुठीपासून निमुळतं होत जाणारं, पाठ किंचित उंचवट्याची, पोट गोल. कुऱ्हाड, ड्रॉ-नाइफ, मग खरबरीत कानस. मापांचा भाग इथेच संपतो. उरलेली मापं लाकूड देतं.

कारण यापुढे टिलरिंग, म्हणजे दोन्ही अंगं सारखी वाकेपर्यंत थोडं थोडं तासत जाणं. भिंतीवर एक आडवा टेकू, त्यावर मूठ ठेवायची, खाली कप्पी, कप्पीतून दोरी आपल्या हातात. दोरी ओढायची आणि लांब उभं राहून बाहूंचा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांचा, बाक बघायचा. सुरुवातीला सैल लांब दोरी, टोकं जेमतेम वीतभर वाकतील एवढंच. जिथे वाकत नाही तिथे पेन्सिलने खूण, खाली उतरवायचं, पोटाकडून चार-दोन हात कानस, मग पुन्हा टेकूवर. दर वेळी लाकूड काढल्यावर तीस-चाळीस वेळा हलकं ओढून घ्यावं लागतं, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही. जास्त वाकणाऱ्या जागेला हात लावायचा नाही. तिच्या शेजारच्या ताठ जागा सैल करत तिला सोबत आणायचं. आणि ज्या ताकदीचं धनुष्य हवंय त्याहून जास्त जोर कधीच लावायचा नाही, अगदी "बघू तरी" म्हणूनसुद्धा नाही. ४५ चं करायचं तर काट्यावर ४५ दिसले की थांब, मग टोकं कितीही कमी वाकलेली असोत.

माझ्या खालच्या बाहूत, मुठीपासून हातभर अंतरावर, एक जोडगाठ होती. तिच्या दोन्ही अंगांना लाकूड वाकायचं, गाठ मात्र जिथल्या तिथे. माझे गुरू (वय सत्तरच्या पुढे, बोलणं कमी) नुसते म्हणाले, "लीव्ह इट." गाठ ताठ राहू दिली. आज बाक बघितला तर तेवढा भाग सपाट दिसतो. बरोबर तसाच दिसायला हवा, कारण गाठीतले तंतू आडवे असतात आणि आडव्या तंतूंना वाकवलं तर ते वाकत नाहीत, तुटतात.

शेवटी टोकांना शिंगाच्या टोप्या. म्हशीचं शिंग आतून शंकूसारखं कोरायचं, दांड्याचं टोक तसंच निमुळतं करायचं, सरसाने बसवायचं, मग त्यात दोरीची खाच. दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचं अंतर किती, हे मोजायला मूठ वळून अंगठा उभा करायचा, तेवढं. म्हणजे सहा-सात इंच. पोट काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत, मग जवसाचं तेल पुन्हा पुन्हा, वर मेण.

पहिला बाण गवताच्या गठ्ठ्यात गेला. फोटो खाली देतोय, गोड मानून घ्या.

चहाटळ

पयला! वाचनखूण साठवली. फोटो दिसत नाहीयेत हो.

रानवाटा

भारी! फोटो मलाही दिसत नाहीत. पण लेख एका दमात वाचला. "तिला सोबत आणायचं" हे फार आवडलं.

अर्धवट अभियंता

लेख उत्तम, पण तक्रार आहे. "मापांचा भाग इथेच संपतो" हे मला पटत नाही. दांड्याची लांबी, रुंदी, लाकडाचा लवचिकता गुणांक माहीत असेल तर प्रत्येक इंचाला जाडी किती हवी हे गणिताने काढता येतं. एक तक्ता द्या ना, दर सहा इंचांवर जाडी किती ते. म्हणजे आमच्यासारख्यांनाही जमेल. मशीनवरसुद्धा कापून घेता येईल.

सवडीचा सुतार

फोटो उद्या दुसरीकडे चढवून बघतो.

अभियंता साहेब, तक्ता देता येईल, पण त्याने तुमचं धनुष्य होणार नाही, माझंच परत होईल. आणि तेही माझ्या फाडीवर. गणित तुमचंच घेऊ. ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. मुठीपाशी ३० मिलिमीटर जाडी असताना १ मिलिमीटर काढला तर तिथला ताठपणा दहाएक टक्क्यांनी उतरतो. टोकाकडे जाडी १५ असेल तर तोच १ मिलिमीटर एकोणीस टक्के खातो. म्हणजे तक्त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा टोकाकडे चांगलीच दिसणार. हे झालं लाकूड सगळीकडे सारखं असेल तर. यूच्या एकाच फाडीत वरच्या टोकाची वलयं दाट आणि खालची विरळ, एका बाजूला पांढरं लाकूड जाड, एका बाजूला पातळ, मध्ये गाठी. तुमचा लवचिकता गुणांक दर वीतभर वेगळा. तो मोजायचा कसा? वाकवून. वाकवून मोजणं म्हणजेच टिलरिंग.

मशीनवर कापून एकसारख्या पट्ट्या चिकटवलेली धनुष्यं बाजारात आहेत, चांगली चालतातही. तिथे तक्ता चालतो, कारण पट्ट्याच एकसारख्या निवडलेल्या असतात.

अर्धवट अभियंता

घनाचा मुद्दा मान्य. टोकाकडे खरंच मोठा फरक पडतो, आकडे करून बघितले. तरी सुरुवातीचा तक्ता हवाच, किमान जास्त जाड कापलं जावं म्हणून. एक शंका: गोल पोट का? आयताकृती छेद जास्त कार्यक्षम असतो ना? गोल पोटात सगळा दाब मधल्या उंच रेषेवरच येतो.

सवडीचा सुतार

अगदी बरोबर ओळखलंत. गोल पोटाने दाब मधोमध गोळा होतो. यूला ते झेपतं म्हणून शोभतं. अ‍ॅश, एल्म, हेझल यांच्यासारख्या लाकडांत तसं केलं तर पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उठतात, म्हणजे तंतू दाबून चुरगळले. म्हणून त्यांची धनुष्यं रुंद आणि चपटी करतात. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली मध्याश्मयुगीन धनुष्यं एल्मची आहेत आणि अशीच चपटी. म्हणजे तुमचा आयताकृती छेद माणसाला हजारो वर्षांपूर्वीच कळला होता.

इथल्या लाँगबो सोसायटीचा नियम मात्र गंमतशीर आहे: जाडी रुंदीच्या पाच अष्टमांशापेक्षा कमी असेल तर त्याला लाँगबो म्हणायचंच नाही.

इतिहासाची खोड

सुंदर धागा. थोडी भर घालतो.

इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात यूची जुनी झाडं असतात, ती धनुष्यांसाठी मुद्दाम लावली असं कुणीही गाइड सांगतो. पण धनुष्याचं लाकूड मुख्यतः तिथून येत नव्हतं. स्थानिक यू गाठाळ आणि भराभर वाढलेलं. चांगला माल डोंगरातला, दाट वलयांचा, आणि तो समुद्रापलीकडून यायचा. १४७२ च्या कायद्याने इंग्लंडच्या बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्यांना दर टन मालामागे चार स्टेव्ह आणणं सक्तीचं केलं. राजा रिचर्ड तिसऱ्याने १४८४ मध्ये माल्मसी या गोड वाइनच्या दर पिंपामागे दहा अशी अट घातली. दारू हवी तर लाकूड आणा! सोळाव्या शतकात बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातल्या यूचा फडशा पडला तो याच मागणीपायी.

आणि खरी लढाईची धनुष्यं बघायची तर पोर्ट्समथला जा. आठव्या हेन्रीचं मेरी रोझ हे जहाज १९ जुलै १५४५ ला बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यावर १७२ धनुष्यं मिळाली, सरासरी लांबी दोन मीटरच्या जवळपास. ताकदीचे अंदाज १०० पाउंडांपासून १८५ पर्यंत जातात. शिंगाच्या टोप्या कुजून गेल्या, एकच वाचली. बाकी धनुष्यांच्या टोकांवर फक्त टोपीएवढा वेगळ्या रंगाचा भाग उरलाय. जहाजावरच्या काही सांगाड्यांत खांद्याचं एक हाड नीट सांधलेलं नाही, ते लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यामुळे असावं असं मानतात.

चहाटळ

१८५ पाउंड म्हणजे ८४ किलो. आमच्या हिला ओढता येणार नाही एवढं वजन. (ही वाचत नाही ना इथे?)

वाकस-पटाशी

आमचं घर सुतारांचं, राजापूरकडचं. लेख वाचताना हात शिवशिवले. फोडून घेतलेलं लाकूड आणि चिरून घेतलेलं लाकूड यातला फरक आमचे आजोबा पण सांगायचे. ते बैलगाडीच्या दांड्या, कुऱ्हाडीचा दांडा, कावड असल्या कामाला धामणच घ्यायचे, आणि दांडा फोडूनच काढायचे. धामणीचं लाकूड वाकतं आणि परत येतं. त्याचं धनुष्य होईल का? आणि शिंगाच्या टोप्या वाचून आठवलं, विजयदुर्गला पूर्वी गव्याच्या शिंगाच्या वस्तू करत.

सवडीचा सुतार

धामण! मस्त सुचवलंत दादा. धक्के खाणाऱ्या आणि लवणाऱ्या दांड्यांसाठी जी लाकडं नावाजलेली असतात ती धनुष्यालाही बहुधा चालतात. इथे अ‍ॅशचं तसंच आहे. मात्र यूसारखी बारीक आणि गोल करू नका. मुठीच्या दोन्ही बाजूंना दोन इंच रुंद, चपटी, पोट सपाट, आणि लांबी सहा फुटांच्या आसपास ठेवा. फाड स्वतःच्या झाडाची घ्या आणि नीट वाळू द्या, कोकणातल्या पावसाळ्यात तर आतच ठेवा. पाठीवर एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवता आलं तर उत्तम.

गव्याचं शिंग विसरा, तो संरक्षित प्राणी आहे. म्हशीचं वापरा. इथे इंग्लंडमध्ये मिळणारं शिंगही बऱ्याचदा भारतातून आलेलं असतं.

डोंगरयात्री

हिमालयात यू आहे की! उत्तराखंडात थुनेर म्हणतात. केदारनाथ-तुंगनाथच्या बाजूला बघितलाय. ओळखीच्या माणसाकडून एखादा दांडा मिळवता येईल का?

सवडीचा सुतार

कृपया नको. हिमालयातला यू धोक्यात आलेल्या प्रजातींत मोडतो आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (CITES) या कराराचं नियंत्रण आहे. सालीसाठी आणि पानांसाठी त्याची आधीच बेसुमार तोड झालेली आहे. वादळात पडलेल्या किंवा बागेतून काढलेल्या झाडाचं लाकूड ही वेगळी गोष्ट, तीही कागदपत्रं असतील तरच.

कडूकिराईत

डॉक्टरकीच्या चष्म्यातून दोन गोष्टी.

एक, हे झाड विषारी आहे. फळावरचा लाल मऊ गर सोडला तर पानं, साल, बी सगळ्यात टॅक्सिन नावाची अल्कलॉइडं असतात आणि ती थेट हृदयाच्या ठोक्यावर घाव घालतात. तोडलेल्या फांद्या खाऊन गुरं-घोडी दगावतात. लेखात मास्कचा उल्लेख नाही. कानस मारताना उडणारा भुसा श्वासात जाऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहा नको.

दोन, पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावरचं औषध यूमधूनच आलं. १९६२ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक यूची साल गोळा केली गेली, तिच्यातून ते वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, आणि त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. हे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे! १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिक्षण, मग अमेरिका. औषधासाठी साल सोलली की झाड मरतं, त्यामुळे पुढे मोठा पेच पडला. तो सुटला युरोपीय यूच्या पानांमुळे: पानांतून एक मधला पदार्थ काढायचा आणि त्याचं औषध प्रयोगशाळेत करायचं. पानं पुन्हा फुटतात.

सातपुड्याचा

मनसुख वाणी नंदुरबारचे हे खरंच माहीत नव्हतं! मी त्याच जिल्ह्यातला, धडगावकडचा. डॉक्टर, आभार.

आता तिरकामठ्याबद्दल लिहितो, कारण इथे सगळे यूवरच अडकलेत. आमच्याकडे भिल्लांचा कामठा बांबूचा. आणि दोरीसुद्धा बांबूची! बांबूच्या सालीकडची लांब चीप काढायची, ती चाकूने तासत तासत सपाट आणि एकसारखी करायची, दोन्ही टोकांना वळ घेऊन कामठ्याला बांधायची. मधला भाग पट्टीसारखाच राहतो. बाण तीच पट्टी चिमटीत धरून ओढायचा. पावसात भिजली तरी ती सुताच्या दोरीसारखी ढिली पडत नाही. होळीच्या बाजाराला अजून कोणी कोणी तिरकामठा घेऊन आलेला दिसतो. पण आता करणारे कमी झाले.

यूचं कौतुक ठीक आहे, पण ते वाळायला वर्षं लागतात, गाठी सांभाळाव्या लागतात. बांबू शेताच्या बांधावर उभा असतो.

इतिहासाची खोड

सातपुड्याचा, तुमच्या बांबूच्या दोरीला जुना दाखला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्यं ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची अशी सांगितली आहेत, आणि दोऱ्यांच्या यादीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या बरोबरीने वेणू आहे. वेणू म्हणजे बांबूच.

सवडीचा सुतार

मास्क मी घालतो, लिहायचं राहिलं. डॉक्टरांनी सांगितलंय तसंच करा.

सातपुड्याचा, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. ताण सोसायला बांबूच्या सालीकडच्या तंतूंना तोड नाही. म्हणून आजकालचे धनुष्यकार दुसऱ्या लाकडाच्या पाठीवर बांबूची पट्टी चिकटवतात, साल बाहेरच्या बाजूला. लवकर होतं, मोडत कमी. कुणाला पहिलंच धनुष्य करायचं असेल तर मीही बांबू किंवा हेझल घ्यायला सांगेन, यू नाही. चांगली यूची फाड महाग असते, आणि शिकाऊ माणसाच्या हातात ती सरपण होते.

यू मला आवडतो तो त्याच्या समंजसपणासाठी. पोटाचं लाकूड इतका दाब सोसतं की कानस थोडी जास्त चालली तरी तुम्हाला सावरायला वाव मिळतो. तुम्ही एका जागी थोडं जास्त काढलंत तर तो दिसेल असा बाक दाखवतो आणि थांबतो. अ‍ॅश थांबत नाही, पोटावर सुरकुत्या आल्यावरच कळतं. एवढ्याच बाबतीत मी यूच्या बाजूचा.

आल्प्सच्या हिमनदीत १९९१ मध्ये सापडलेल्या ओट्झी या गोठलेल्या प्राचीन माणसाकडे १.८२ मीटरचं यूचं धनुष्य होतं, साधारण ५,३०० वर्षांपूर्वीचं. ते अर्धवट होतं. दोरीच्या खाचा नाहीत, पृष्ठभागावर अवजाराचे घाव तसेच. म्हणजे हा माणूस टिलरिंगच्याही आधीच्या टप्प्यावर होता. ते घाव बघितले की त्याने लाकूड कसं काढत आणलं हे अजून वाचता येतं, आणि संग्रहालयात मला त्याच्या कुऱ्हाडीपेक्षा त्या दांड्यासमोर जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं.

रानवाटा

दोरी कशाची लावली? आणि धनुष्य चढवून भिंतीवर टांगता येतं का? दिवाणखान्यात काय झकास दिसेल!

सवडीचा सुतार

दोरी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची, वरच्या टोकाला पीळ घातलेला फासा आणि खालच्या टोकाला गाठ, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येते. पूर्वी हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या) आणि जवसाच्या धाग्याची असे, त्याला मेण चोळत.

चढवून टांगू नका हो! दोरी चढलेली असली की पोटाचं लाकूड सतत दाबलेलं राहतं आणि ते हळूहळू तसंच बसतं. बाण मारून झाले की दोरी उतरवायची, आडवं दोन खुंट्यांवर ठेवायचं, कोपऱ्यात टेकवून उभं नाही. हीटरजवळ तर नाहीच. थंडीत पहिल्या ओढीला एकदम पूर्ण ओढू नका. चार-सहा वेळा अर्धं ओढून गरम होऊ द्या. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची सगळी ताकद मग धनुष्यातच फिरते.

अर्धवट अभियंता

ठीक आहे, तक्ता मागत नाही. त्याऐवजी एक विनंती: प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाहूंची जाडी मोजून लिहून ठेवली असेल तर ती द्या. कॉपी करायला नाही, कुठे किती अनियमित आहे ते बघायला.

सवडीचा सुतार

वहीत आहे. पेन्सिलच्या खुणांसकट स्कॅन करून टाकतो. जोडगाठीपाशी आकडे विचित्र दिसतील, दचकू नका.

सातपुड्याचा

घरी आजोबांचा कामठा आहे माळ्यावर. दिवाळीला गेलो की उतरवतो. काय काय मोजू?

सवडीचा सुतार

वा! लांबी, मुठीपाशी आणि टोकाशी रुंदी-जाडी, आणि बांबूची साल आपल्याकडे आहे की लक्ष्याकडे ते नक्की बघा. बांबूची पेरं कुठे कुठे येतात तेही लिहा. पेरापाशी जाडी जास्त ठेवली आहे की बाकीच्याइतकीच तासली आहे? दोरीच्या पट्टीची जाडी मधोमध आणि टोकाला. जमलं तर दोरी न चढवता एक फोटो बाजूने काढा, किती पोक राहिलंय ते कळेल. जुना असेल तर ओढून मात्र बघू नका.

चहाटळ

आणि फोटो दिसतील अशा ठिकाणी चढवा.